खडूचा लेखी अहवाल

२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. बाकीचं विनंती-विशेष मनातल्या मनात म्हणून घ्या. मला लगेच मुद्द्यावर येऊ द्या, कारण मुद्दा आत्ता माझ्या बुटाची नाडी चावतोय.

आठ आठवड्यांची कुत्री आहे. आमच्या शाळेत अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार होतात हे तुम्हाला माहीत आहेच. पण पहिलं वर्ष पिल्लाला शाळेत ठेवून भागत नाही, ते घरात वाढावं लागतं. आणि शांत घर उपयोगाचं नाही. तुमचं घर म्हणजे सात माणसं, त्यात धाकट्या दिराची सहा वर्षांची जुळी, स्वयंपाकघराला लागून कवळ्या बनवायची लॅब, दिवसभर घरघरणारं पॉलिशचं मशीन, आणि दंतवैद्यांकडून साचे घेऊन येणारी माणसं. मी दादाला म्हणायचो, तुझ्या घरात कुत्रंच काय, हत्तीसुद्धा माणसाळेल. दादाला जाऊन आता चार महिने झाले. त्यावर मी लिहीत नाही, मला जमत नाही. मावसभाऊ असून कधी काही मागितलं नाही, ते आता मागतोय एवढं समजा.

अट एकच. वर्षभरानं ती परत द्यायची. मग इथे तिचं खरं शिक्षण, परीक्षा, आणि पास झाली तर तिचं माणूस. नापास झाली तर एक माणूस काठी घेऊन आणखी दोन वर्षं वाट बघणार, कारण यादी लांब आहे.

आणि हो, शाळेचा नियम आहे, अहवाल लेखी हवा. फोनवर तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणून ठेवून देता.

तुमचा,
भावजी

११ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

पिल्लू मिळालं. ठीक आहे.

अहवाल लेखी हवा म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी ती प्लास्टरच्या पिंपात पडली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली. जुळ्यांनी तिचं नाव खडू ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिने एका हेडमास्तरांची वरची कवळी पळवली. धाकटे भावजी कॉटखाली आडवे, ती कोपऱ्यात, आणि कवळी तिच्या तोंडात अशी बसलेली की ती हसतेय असंच वाटत होतं. सगळे खूप हसले. मीही हसले असेन. कवळी पुन्हा करून दिली, हेडमास्तरांना कळवलं नाही.

सासूबाई म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही हे ऐकलं होतं, ही दात खाऊन भरते.

शू दिवसातून नऊ वेळा. त्यातली सहा वेळा घरात. पुसते कोण हे वेगळं सांगायला नको. मला त्याचं काही वाटत नाही. मला हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नाही, त्यामुळे हे काम माझ्याकडे आहे ते बरंच.

— वहिनी

१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हेडमास्तरांचं मी कोणाला सांगणार नाही.

चावण्यावर उपाय: तोंडातलं ओढून काढायचं नाही. ओढलं की तिला वाटतं खेळ सुरू झाला. दुसरं काहीतरी पुढे करायचं, ते तिने धरलं की शाबासकी. शूसाठी, झोपेतून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळली की बाहेर. चूक झाल्यावर नाक घासणं वगैरे प्रकार सासूबाई सुचवतील, तो करायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका गोष्टीला एकच शब्द, आणि तो घरातल्या सगळ्यांनी वापरायचा. रोज, न चुकता, सारख्याच आवाजात. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शब्द सात असले तर शहाणाही वेडा होईल. कुत्र्याला आपण बोलून शिकवत नाही. आपण सगळे मिळून जे करतो ते त्याला दिसतं, आणि ते शिकतं.

तुम्ही जेवता ना वेळेवर?

भावजी

६ मे

प्रिय भावजी,

उशीर झाला. लॅबमध्ये कामं तुंबली होती. ‘ते’ साचे बघून दाताची ठेवण लगेच सांगायचे, मला दोनदा करून बघावं लागतं.

खडू पाच महिन्यांची झाली. शू आता बाहेर. जिना चढते-उतरते. तुम्ही पाठवलेलं ‘शिकाऊ’ लिहिलेलं जाकीट घातलं की गंभीर होते, काढलं की वेडी. बाजारात, बँकेत, माझ्याबरोबर दवाखान्यांत साचे आणायला जाते. दाराशी थांबते. मशीनच्या आवाजाला दचकत नाही, मशीनखालीच झोपते.

एका शब्दाचं मात्र जमत नाही. मी ‘खाली’ म्हणते, जाऊ ‘बस’ म्हणते, माझी मुलगी कॉलेजातून आली की तिला मिठीच मारते, जुळी तिच्याशी भुंकूनच बोलतात, धाकटे भावजी नुसती बोटं वाजवतात, आणि सासूबाई म्हणतात ‘ए बये’. बिचारी प्रत्येकाकडे बघून अंदाज करते. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडे आम्ही. तरी शिकली, हे तिचं कर्तृत्व.

मी वेळेवर जेवते.

— वहिनी

३० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

परवा पाहणीला येऊन गेलो त्याचा हा अहवाल, ह्या वेळी माझ्याकडून.

इतकं तयार पिल्लू मी पंधरा वर्षांत पाहिलं नाही. स्वयंपाकघरात एवढी माणसं, एवढा गोंधळ, जुळी टेबलाखालून धावतायत, आणि ही मधून कोणाला धक्का न लावता निघते. माझा चहा तर तिच्या डोक्यावरून तीनदा गेला, ढिम्म हलली नाही. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, आमच्या वहिनीचं घर बघून या.

आणि तुम्हालाही बघून बरं वाटलं. सबंध वेळ कामात होतात, सगळ्यांना वाढत होतात. घर सावरलंय. दादा असता तर म्हणाला असता, माझ्यावाचून काही अडत नाही तुमचं.

भावजी

४ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

खडूला काल तुमच्या माणसाच्या ताब्यात दिलं. ठीक झालं.

जुळी रडली. जाऊ रडली. धाकटे भावजी लॅबमध्ये जाऊन रिकामं मशीन चालवत बसले. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, नाव काढ. मुलगी रस्त्याच्या वळणापर्यंत गाडीमागे गेली. मी पट्टा तुमच्या माणसाच्या हातात दिला, तिच्या लसीचे कागद दिले, आत येऊन मेण तापवायला ठेवलं.

भावजी, तुम्हाला एक विचारते. वर्षभर मी तिला दिवसातून चार वेळा खायला घातलं, आजारपणात मांडीवर घेतलं. ती गेली आणि मला काही झालं नाही. ‘ते’ गेले तेव्हाही असंच. लोक भेटायला यायचे, रडायचे, मी त्यांना पाणी आणून द्यायचे. जीभ भाजली की दोन दिवस कशाची चव लागत नाही, तसं आहे. पण दोन दिवसांचं दीड वर्ष होत आलं. तुम्ही माणसांचे मास्तर नाही हे माहीत आहे. तरी विचारलं.

ती पास व्हावी एवढं मात्र मनापासून वाटतं. हे एवढं वाटतं.

— वहिनी

२२ मार्च

प्रिय वहिनी,

तुमच्या मागच्या पत्राचं उत्तर मी तीनदा लिहून फाडलं. आता वेगळ्याच कारणाने लिहावं लागतंय.

खडू सगळ्यात पुढे आहे. रस्त्याच्या कडेला थांबते, उघडं गटार टाळते, गाडी येत असेल तर माणसाने ‘चल’ म्हटलं तरी हलत नाही. तिच्यासाठी माणूसही ठरलंय. इस्पितळात फोनवर काम करणाऱ्या एक बाई आहेत. दोन बस बदलून कामावर जातात, सव्वीस महिने यादीत आहेत. परवा येऊन तिला हात लावून गेल्या. मला म्हणाल्या, हिचे कान गरम आहेत हो.

आणि एका ठिकाणी ती अडलीय. बसमध्ये, दवाखान्यात, बाकांच्या खोलीत कुत्र्याने रिकामी जागा शोधून माणसाला तिथे न्यायचं असतं. खडू नेत नाही. खुर्चीवर कोणी बसलेलं असेल तर खुशाल जवळून जाते. खुर्ची रिकामी दिसली की दोन हातांवर थांबते, आडवी होते आणि अंगाने माणसाची वाट अडवते. मी पुढे सरकलो तर मला ढकलते. ही भीती नाही वहिनी, भीती मला ओळखू येते. भ्यालेलं कुत्रं मागे सरतं. ही काम करतेय. हे तिला कोणीतरी नीट, रोज, न चुकता शिकवलंय.

पंचवीस दिवस झाले, आम्ही हात टेकलेत. दोन महिन्यांत सुटलं नाही तर तिला काढून टाकावं लागेल, आणि त्या बाईंना मला फोन करावा लागेल. तुमच्याकडे खुर्चीचं काही झालं होतं का? पडली होती का अंगावर?

भावजी

२७ मार्च

प्रिय भावजी,

आमच्याकडे तसं काही झालेलं नाही. खुर्ची पडली नाही. शाळेतच काहीतरी झालं असेल, बघा.

— वहिनी

२८ मार्च

प्रिय भावजी,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना दोनदा रस्ता चुकले. ते खोटं होतं.

आमच्या स्वयंपाकघरात टेबलाला सहा खुर्च्या आहेत. एक ‘त्यांची’. फ्रीजच्या बाजूची, कोपऱ्यातली. ते गेले त्या दिवसापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही. असं कोणी ठरवलं नव्हतं. तिथे फोटो नाही, काही नाही. टेबलाखाली पूर्ण सरकवलेली खुर्ची, एवढंच. केर काढताना मी ती हलवत नाही, भोवतीनं काढते. बाकीच्या पाच खुर्च्यांवर सासूबाई, धाकटे भावजी, जाऊ, मुलगी आणि एकीवर दोन्ही जुळी. मी उभी असते. वाढायला सोपं पडतं असं म्हणते.

खडू आली त्या आठवड्यात तिने त्या खुर्चीवर पुढचे पाय ठेवले. आम्ही सातही जण एकदम ‘अंहं’ म्हणालो. ओरडलो नाही. नुसतं ‘अंहं’, सगळ्यांनी, एकाच आवाजात. तुम्ही एका शब्दाचं लिहिलं होतंत ना, तो एवढाच एक शब्द आम्ही सगळ्यांनी सारखा वापरला. जुळ्यांनीसुद्धा. तिने पुन्हा कधी हात लावला नाही.

आणि पुढचं. जूनमध्ये प्लास्टर देणारे गृहस्थ आले होते. बिल लिहायला बसावं म्हणून त्यांनी त्या खुर्चीला हात घातला. पाहुण्याला ‘अंहं’ कसं म्हणायचं? खडू उठली, मधे जाऊन आडवी उभी राहिली. ते हसले आणि दुसरीकडे बसले. सासूबाई म्हणाल्या, गुणाची गं ती. आणि मी तिला बिस्किट दिलं, भावजी. त्यानंतर रोजच देत होते.

तिला नापास मी केलं. त्या बाईंचा नंबर मला पाठवा. फोन तुम्ही करू नका, मी करते.

— वहिनी

२ एप्रिल

प्रिय वहिनी,

नंबर पाठवत नाही. कुत्री पाठवतोय.

जे जिथे शिकलं ते तिथेच पुसावं लागतं, दुसरा इलाज नाही. खडू सहा आठवडे तुमच्याकडे. पहिले दोन आठवडे, ती खुर्ची टेबलापासून बाहेर ओढलेली ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने रोज थोडा वेळ तिच्यावर बसायचं. खडू आडवी येईल. रागवायचं नाही, ढकलायचं नाही, वळसा घालून बसायचं आणि तिला जवळ बोलवायचं. मग डोळे बांधून, पट्टा धरून, ‘खुर्ची’ म्हणायचं. नेलं तर बिस्किट. सगळ्यांनी. एक जरी माणूस त्या खुर्चीला वळसा घालून जात राहिलं तरी ती त्याचंच ऐकेल. कुत्री लबाडीला फसत नाहीत.

आता माझंही ऐका. ऑगस्टमध्ये मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा चहा उभ्याने प्यायलो. सगळे बसलेले, मी आणि तुम्ही उभे, आणि समोर रिकामी खुर्ची. पंधरा वर्षं ह्या धंद्यात आहे, पिल्लाच्या शेपटीच्या टोकावरून त्याच्या मनातलं सांगतो, आणि मला ते दिसलं नाही. घरी येऊन ‘घर सावरलंय’ असं लिहिलं. तुमच्या कुत्रीने काय केलं ते मीही केलं, फक्त मला बिस्किट मिळालं नाही.

दुसरं म्हणजे, लेखी अहवालाचा असा काही नियम नाही. खुणा करायचा एक कागद असतो. मला वाटलं होतं, पिल्लू घरात आलं आणि त्यानिमित्ताने तुम्ही चार ओळी लिहिल्यात, तर बरं होईल.

भावजी

२९ एप्रिल

प्रिय भावजी,

खरा अहवाल, तुमच्या नियमात नसला तरी.

पत्र मी सगळ्यांना जेवताना वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर सासूबाई उठल्या आणि त्यांच्या खोलीत गेल्या. दार लावलं. तीन दिवस त्यांनी जेवण आत घेतलं. माझ्या लेकाची जागा कुत्रीच्या परीक्षेसाठी मोडताय, असं त्या जावेला म्हणाल्या. मला काही म्हणाल्या नाहीत.

जुळी पहिली बसली. त्यांना फक्त कोणी बसा म्हणायची खोटी होती. एक म्हणाला, ही पण आपलीच खुर्ची आहे, नुसती डुगडुगते. खडू आडवी आली, कण्हली, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग धाकटे भावजी बसले. घटकाभर बसले, उठून तोंड धुऊन आले, परत बसले. मुलगी पुस्तक घेऊन बसली, तासभर पान उलटलं नाही. जाऊ बसली ती आधी खुर्चीला हात जोडून.

चौथ्या दिवशी सासूबाई बाहेर आल्या. खडू दारातच त्यांच्या पायाशी होती. त्यांनी मला विचारलं, त्या फोनवाल्या बाईंना मुलं आहेत का? मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, दोन बस, म्हणजे चार वेळा चढउतार, आणि आत जाऊन उभंच राहायचं? मग त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, वाढ.

आता खडू सहा जणांना नेते. डोळे बांधून ‘खुर्ची’ म्हटलं की थोडी घुटमळते, पण नेते. मला नेत नाही. मी अजून बसलेले नाही, भावजी. वेळच होत नाही. सगळे जेवत असतात, मी वाढत असते. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते की मी बसेन आणि तेव्हाही मला काही होणार नाही. मग काय?

— वहिनी

५ मे

प्रिय वहिनी,

मग काही नाही. बसलात आणि काही झालं नाही, तर तुम्ही खुर्चीवर बसून जेवाल. तेवढं पुरे आहे. परीक्षा खडूची आहे, तुमची नाही.

पण तुम्ही बसल्याशिवाय तिची होणार नाही. दहा दिवस आहेत.

भावजी

१६ मे

प्रिय भावजी,

काल दुपारी सगळे जेवायला बसले होते. पाच खुर्च्या भरलेल्या. सासूबाईंनी माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि जावेच्या ओढणीने मुलीने माझे डोळे बांधले. पट्टा धरून मी लॅबच्या दाराशी उभी राहिले आणि ‘खुर्ची’ म्हटलं. आवाज बरा निघाला नाही.

खडू हलली नाही. मीही नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा ती निघाली. सावकाश. तिच्या खांद्यावरून मला कळत होतं की ती दर पावलाला थांबून माझा अंदाज घेतेय, ही मागे तर ओढत नाही ना. मी ओढलं नाही. माझ्या गुडघ्याला खुर्चीची कड लागली. मी हाताने पाठ चाचपली आणि बसले. तिने हनुवटी माझ्या मांडीवर टाकली. बिस्किट मी हातात धरलं होतं त्याचा भुगा झाला होता, तो तिने चाटून घेतला.

मला काही झालं नाही. कोपर फ्रीजवर आपटलं, एवढंच. तिथे तसं होतंच. ‘ते’ एवढे आडदांड, आणि बसायला हा कोपरा. एकोणीस वर्षं मी त्यांना म्हणत आले, इतक्या अडचणीत का कोंबून घेता स्वतःला, तिकडे खिडकीपाशी बसा की. ते म्हणायचे, इथे बरं आहे. मला वाटायचं, आळस, दुसरं काय.

मग मुलीने मागून ओढणी सोडली.

भावजी, त्या खुर्चीवरून समोर लॅबचं दार येतं. दारातून आतलं काही दिसत नाही, साच्यांचं कपाट आड येतं. एवढीशी फट उरते. त्या फटीतून माझं पॉलिशचं मशीन दिसतं, आणि माझं स्टूल. दुसऱ्या कुठल्याही खुर्चीवरून ते दिसत नाही. आज सकाळी मी पाचही खुर्च्यांवर बसून बघितलं. दुपारी सगळे जेवायचे तेव्हा मी पॉलिशचं काम उरकायचे आणि मागून जेवायचे. एकोणीस वर्षं. माझी पाठ असायची त्यांच्याकडे.

मी रडले. चांगली तासभर रडले, लहान मुलासारखी, नाक गळेपर्यंत. जुळी घाबरली. धाकटे भावजी ताट घेऊनच बाहेर गेले. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, माझं डोकं त्यांच्या पोटाशी धरलं, आणि त्या पण. मला ‘त्यांची’ इतकी आठवण येते भावजी. इतकी येते, मला माहीतच नव्हतं.

खडू हलली नाही. तिची मान अवघडली असेल.

आज तिने मला तीनदा नेलं, न घुटमळता. मी तीनही वेळा तिथेच जेवले. सोमवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः तिला घेऊन येते, माणूस पाठवू नका. ह्या वेळी तिला देताना मला फार जड जाणार आहे. त्या बाईंनाही बोलावून ठेवा, तिला काय आवडतं ते मला सांगायचंय.

— वहिनी